घराण्यात कुणाला न्हाय

१२ सप्टेंबर

डॉक्टरांनी विचारलं, "घराण्यात कुणाला कॅन्सर होता?" अन् आप्पा स्टुलावर ताठ बसून म्हणाले, "यारिगू इल्ला, सर." कुणालाही न्हाय. तेही कन्नडात! डॉक्टर चांगलं मराठी बोलत होते. पण पांढरा कोट दिसला की आप्पांची जीभ आपोआप कन्नडावर जाते, हे जुनंच आहे. वर मला कोपरानं ढोसून, "सांग की गं त्यास्नी, माझा आजा-पणजा काठी न धरता म्हातारा झालाय." मी सांगितलं. खोटं कुठं होतं त्यात!

तोंडातनं नळी घालून जठराचे बारीक तुकडे काढले. गाठ अशी दिसत नाही म्हणे, भिंतच कडक झालीय. "रिपोर्ट येऊ दे," म्हणाले आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. मी काय काम करते ते मीच त्यांना सांगून बसले होते — गाढवपणा! जठराच्या कॅन्सरच्या पेशी पसरतात कशा, कुठलं प्रोटीन त्यांना वाट काढून देतं, यावर लॅबमध्ये चार वर्षं डोकं फोडतेय मी. नसतं सांगितलं तर चार धीराचे शब्द तरी मिळाले असते.

आई दोन महिने कानीकपाळी ओरडत होती. "ह्यांचं दोन घासांत पोट भरतंय गं, काय तर बघ." मी काय केलं? ॲसिडिटीची गोळी आणून दिली. शाब्बास रचनाबाई!

निपाणीहून मनिषाक्का आली होती. आप्पांची भाची, आमच्या दुर्गाआत्तीची मुलगी. आत्ती जाऊन जमाना झाला, पण हिची मामाकडची ये-जा सुटली नाही. पहाटेची एस.टी. धरून डबा घेऊन हजर — झुणका, भाकरी, खर्डा. दवाखान्याच्या बाकावर सगळ्यांना वाढलं आणि स्वतः ताकावर भागवलं. "दिवसभर तंबाखूच्या वखारीत बसून भूक मरती बघ," म्हणाली. तिची भाकरी मीच खाल्ली. भीती वाटली की मला भूक लागते, काय करू!

१५ सप्टेंबर

रिपोर्ट नाही. आप्पांनी सकाळी घरातला कापडाचा माग चालू केला. अख्ख्या वडगावात सगळ्यांच्याच घरात खटखट असते, पण आमच्या मागाची मला झोपेत पण कळते. आज ती ऐकून बरं वाटलं.

१८ सप्टेंबर

आला.

डॉक्टरांना भेटायच्या आधी पार्किंगमध्ये उभी राहून वाचला. दुसरी ओळ वाचली आणि पुढच्या ओळी वाचायची गरजच उरली नाही. अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशी. विखुरणारा प्रकार. चार वर्षांत या शब्दांवर किती लेख वाचले असतील! वर नाव मात्र कधी आप्पांचं, नागोजी, नव्हतं.

चांगल्या जठरात पेशी एकमेकींना धरून असतात. त्यांना धरून ठेवणारं एक प्रोटीन असतं — ई-कॅडहेरिन. पेशीच्या अंगावर उभं राहतं आणि शेजारणीच्या अंगावरच्या तसल्याच प्रोटीनला घट्ट पकडतं. ते गेलं की पेशी सुटी. सुटी पेशी गाठ करून एका जागी बसत नाही. भिंतीतनं एकेकटी सरकत राहते, कुणाला दिसत नाही, दुखत पण नाही. दिसायला लागते तेव्हा लांब पोचलेली असते.

आप्पांना सांगायचं कुणी? आई म्हणाली तू सांग, सौरव म्हणाला आक्का, तू सांग. धाकटा भाऊ असण्याचा हा फायदा! मग मी सांगितलं. "आप्पा, ताणा हाय, बाणा न्हाय, असं झालंय आत."

आप्पा मागाकडं बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे कापड न्हाय. नुसती सुतं."

"व्हय."

"मग सुतं वाऱ्यावर जाणारच की."

मला तोंड फिरवावं लागलं.

२२ सप्टेंबर

लॅबमध्ये जायला नको होतं. गेले.

आमचं काम असं — बशीत कॅन्सरच्या पेशींचा थर वाढवायचा, त्यावर पिपेटच्या टोकानं सरळ ओरखडा काढायचा. मधे रिकामी वाट. मग दोन्ही काठांवरच्या पेशी त्या वाटेत किती घुसतात याचे फोटो. एखादं प्रोटीन बंद केलं की हळू सरकतात, वाढवलं की पळतात. जितक्या पळतील तितका माझा आलेख देखणा. "काय मस्त पळाल्यात!" — हे मी स्वतः म्हटलेलं आहे, टाळ्या वाजवून, या टेबलाशी.

आज स्क्रीन लावला. वाट बुजली होती. पुढच्या पेशींनी बारीक पाय काढलेले. मी झटक्यात स्क्रीन बंद केला.

मॅडम म्हणाल्या, "रचना, थोडे दिवस घरी थांब."

म्हटलं, "मॅडम, घरी पण हेच आहे."

२७ सप्टेंबर

आज पोटात कॅमेरा घालून बघितलं — जठराच्या बाहेर काही सांडलंय काय. डोळ्यांना दिसेल असं काही नाही. पण पोटात पाणी फिरवून परत काढून घेतलंय, त्यात पेशी सापडल्या तर ऑपरेशन नाही. म्हणजे काय, ते मी घरी बोलले नाही. आईनं विचारलं, "पाण्यात काय सापडंल गं?" मी म्हटलं, "काय न्हाय."

३० सप्टेंबर

पाणी स्वच्छ!! स्वच्छ! कपिलेश्वरा, तुला नारळ! माझा विश्वास नाही, तरी नारळ.

आधी चार वेळा केमो, मग जठर काढायचं. पूर्ण. आप्पांनी विचारलं, "पूर्ण काढल्यावर जेवण कुठं ठेवायचं?" डॉक्टर पहिल्यांदा हसले.

११ ऑक्टोबर

केमो एक झाला. गार वस्तूला हात लागला की आप्पांच्या बोटांत सुया टोचतात. सकाळी मागाचं लोखंड गार असतं. आईचे जुने मोजे हातात घालून बसले होते. तसल्या हातांनी तुटलेली सुतं जोडता येईनात, मग मागाला शिव्या, मग आईला, मग मला. मी पण दिल्या. बरं वाटलं दोघांना.

दुपारी दवाखान्यातल्या स्लाइड बघणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला आप्पांची काच दाखवली. ई-कॅडहेरिन असलं की पेशीच्या कडेनं तपकिरी रंग चढतो. कोपऱ्यात चांगला भाग होता, तिथं सुरेख तपकिरी जाळी. आणि बाकी काचेवर — काही नाही. पांढुरक्या सुट्या पेशी.

बाई म्हणाल्या, "कधी कधी हे जन्मतःच रक्तातनं आलेलं असतं, वारशानं. पण तुमच्या घराण्यात कुणालाच नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग बरंय. असंच झालं असेल."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

झोपायच्या आधी लिहून काढते.

मनिषाक्का सकाळीच आली. दरवर्षी येते. दुर्गाआत्ती गेल्यापासून तिच्या जागी हीच मामाला ओवाळते, आमच्या घरातली ही पद्धतच पडलीय. आप्पा पाटावर बसले. डोक्यावर केस नाहीत म्हणून टोपी. ओवाळून झालं आणि आप्पांना एकदम रडू फुटलं. "दोन भैणी व्हत्या मला. दुर्गी न्हाय, कमळी न्हाय. आता मी बी निघालो."

आई म्हणाली, "सणाच्या दिवशी काय बोलायचं हे!" मी सहज — अगदी सहज, त्यांना दुसरीकडं वळवावं म्हणून — विचारलं, "आप्पा, आत्ती कशानं गेल्या वो?"

"दुर्गीच्या पोटात पाणी झालतं. जेवण जायचं न्हाय. कोल्हापूरला न्हेलती. पोट उघडलं अन् तसंच शिवून टाकलं. चाळिशीच व्हती गं तिची."

माझ्या हातात करंजीचं ताट होतं.

"आणि कमळाआत्ती?"

"कमळीच्या छातीत गाठ झालती. मूलबाळ न्हवतं, खानापुरास्नं तिचा दीर निरोप घेऊन आलता."

पोट आणि छाती! या एका प्रोटीनची जीन बिघडली की बायकांच्या छातीत पण होतो, हे मी परीक्षेत लिहिलंय, दहा मार्कांना! मी ओरडले. "आप्पा! डॉक्टरांनी विचारलं तवा का न्हाय सांगितलं?"

आप्पा खरंच गोंधळले. लपवलं वगैरे काही नाही, देवाशपथ. म्हणाले, "त्यांनी घराण्यातलं विचारलं की गं. पोरी दिल्या घरी गेल्या. दिल्या घरचं कुठं धरत्यात?"

आईनं मान हलवली, बरोबर आहे म्हणून! आणि त्यांच्या हिशेबानं बरोबरच की. लग्न झालं की देव वेगळा, आडनाव वेगळं, सुतकसुद्धा तीन दिवसांचं. मग आजारच तेवढा आपल्यात कसा धरायचा? मी ताट पाटाजवळ ढकललं. करंज्या घरभर झाल्या. "उद्या मला दिलीसा की मी पण वजा काय? रक्ताला कुणी सांगायचं, पोरगी दिली म्हणून?"

सौरव करंज्या गोळा करायला लागला. मनिषाक्का पण वाकली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे आईला बी हेच झालतं काय गं?"

"बहुतेक व्हय," मी म्हटलं आणि डॉक्टरांना फोन लावायला बाहेर पळाले.

परत आले तर आई मनिषाक्काला म्हणत होती, "लई बारीक झालीस की गं." ती म्हणाली, "बरं झालं की मामी, पोरीच्या लग्नात साडी बरी दिसंल." अर्धी करंजी ताटात तशीच ठेवून दुपारच्या एस.टी.नं गेली.

२४ ऑक्टोबर

डॉक्टरांनी खुर्चीतनं उठून विचारलं, "दोन बहिणी?" आप्पांचं रक्त तपासायला बंगळूरला जाणार. तिथल्या समुपदेशक बाई व्हिडिओवर तासभर बोलल्या. घराण्याचं झाड काढायला लावलं — पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर काळं करायचं. आप्पांनी गाळलेल्या दोघी बहिणी मी माझ्या हातानं काळ्या गोलात काढल्या. म्हटलं, घ्या, आलात एकदाच्या झाडावर! आप्पांच्या खाली मी आणि सौरव. गोल आणि चौकोन, दोन्ही रिकामे.

आप्पांना ती जीन असेल तर आम्हा प्रत्येकाला निम्मी निम्मी शक्यता. नाणेफेक. असली तर — बाई फार गोड आवाजात म्हणाल्या — पेशी सुटायच्या आधीच जठर काढून टाकणं बरं. तपासणीत भरवसा धरता येत नाही, कारण सुरुवातीला काही दिसतच नाही.

आत्तींच्या घरी पण कळवा म्हणाल्या. कळवू.

माझं पोट दुखतंय. कालपासून. हे भीतीचं आहे, मला ठाऊक आहे. तरी दुखतंय.

१ नोव्हेंबर

एक तारीख. गावात इकडं कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, तिकडं मराठीवाल्यांच्या निषेधाच्या काळ्या फिती, मधे पोलीस. तिसरा केमो कालच उरकला ते बरं. निपाणीची एस.टी. बंद, मनिषाक्काला येता आलं नाही. फोनवर म्हणाली, "मामाला म्हणावं, उद्या येतो." हिला कशाला रोज रोज त्रास देतोय आम्ही?

२२ नोव्हेंबर

आप्पांच्या रक्तात आहे.

मी आईजवळ बसून सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजे तुला?" म्हटलं, "ठाऊक न्हाय. तपासायचं." "सौरवला?" "त्याला पण." "तपासू नका. कळून काय करणार हायसा? पोट काढून ठेवणार?"

"व्हय आई. तेच करत्यात."

तिनं भाजीची देठं माझ्या अंगावर फेकली.

२५ नोव्हेंबर

सौरव तपासणार नाही म्हणतो. फेब्रुवारीत त्याचं लग्न. मुलगी अनगोळची, तेजस्वी. साखरपुडा झालाय, हॉल ठरलाय. "आक्का, एकदा कागदावर आलं की अनगोळभर होतंय. कोण देईल पोरगी?"

"आणि न तपासता लग्न करून तिला काय देणार तू? आप्पांच्यासारखा पोटात—"

"गप गं!" पहिल्यांदाच माझ्यावर हात उगारला. मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, मी पण दिली असती एक.

मी चूक बोलले. पण खोटं बोलले नाही.

२७ नोव्हेंबर

अबोला. माग बंद. घरात इतकी शांतता की शेजारची बाई विचारून गेली.

३० नोव्हेंबर

तेजस्वी घरी आली! एकटी, स्कूटरवरनं. सौरवनंच तिला सांगितलं म्हणे. मला वाटलं, संपलं. ती चहा पिऊन आप्पांच्या पायाशी बसली, मग सगळ्यांसमोर सौरवला म्हणाली, "मोडायचं असतं तर तुमच्या घोरण्याच्या व्हिडिओवरच मोडलं असतं. आधी तपासून या. काय ते कळू दे. मग हळद."

आई पदरात तोंड घालून हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. हिला कुणी दृष्ट लावू नका!

२ डिसेंबर

रक्त दिलं. दोघांनी एकाच खुर्चीवर, एकामागून एक. लहानपणी शाळेत इंजेक्शनला सौरव माझा हात धरायचा. आज मी त्याचा धरला. त्याला वाटलं, त्याच्यासाठी.

९ डिसेंबर

जेवताना प्रत्येक घास मोजल्यासारखा जातो. चौथ्या घासाला वाटतं, भरलं काय पोट? लवकर भरलं काय? मग मुद्दाम आणखी एक भाकरी खाते. वजन वाढलंय. काय तपासणी आहे ही! शास्त्रज्ञ म्हणे.

१५ डिसेंबर

आप्पांचं ऑपरेशन. जठर पूर्ण काढलं, आतडं वर जोडलं. आजूबाजूला पसरलेलं नाही असं डॉक्टर म्हणाले, पक्कं रिपोर्ट आल्यावर. बाहेर येऊन त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

१७ डिसेंबर

मनिषाक्का रजा टाकून आलीय. वखारीचा मुकादम पगार कापणार, तरी. आप्पांचं तोंड पुसणं, कूस बदलणं, सगळं तीच करते. मला जमत नाही. मला नळ्या दिसतात, आप्पा दिसत नाहीत.

आप्पांच्या जुन्या पिशवीत ॲसिडिटीची गुलाबी बाटली राहिली होती. तीच उचलून मनिषाक्कानं दोन झाकणं घेतली. मी म्हटलं, "मामाचं औषध पळवतीस व्हय गं!" ती म्हणाली, "मामाला आता पोटच न्हाय, त्याला कशाला पायजे?" आप्पा हसले आणि टाके दुखले म्हणून दोघींना शिव्या घातल्या.

२१ डिसेंबर

रिपोर्ट चांगला. कडा स्वच्छ. आप्पा वाटीभर पेज पिऊन म्हणाले, "आता पोटच न्हाय, तर भरतंय कुठं!"

आमचा अजून नाही.

२६ डिसेंबर

नाही.

२७ डिसेंबर

नाही!! बंगळूरला फोन केला. "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे." प्रोसेस म्हणे! मी पण लोकांच्या पेशींना असंच म्हणते.

सौरवनं रात्री हळूच विचारलं, "आक्का, दोघांत एकालाच असंल तर?" म्हटलं, "मग मला असू दे." तो म्हणाला, "न्हाय, मला." खरं सांगायचं तर मी म्हटलं ते मला मनापासून नको होतं. मला जगायचं आहे. पोटासकट.

२९ डिसेंबर

नाही! नाही! दोघांनाही नाही!

रिपोर्ट तीनदा वाचला. नावं तपासली. जन्मतारखा तपासल्या. सौरवला मागाच्या खोलीत जाऊन सांगितलं, आवाजात त्याला ऐकूच येईना. शेवटी माग बंद करून ओरडले — "न्हाय!" तो खाली बसला आणि सुताच्या ढिगात तोंड खुपसून रडला. तेजस्वीला फोन लावला तर ती म्हणाली, "बरं. आता घोरण्याचं बघा."

आप्पांनी हात जोडले. कुणाला ते ठाऊक नाही. म्हणाले, "माझ्यापाशी थांबलं. आता आमच्या घरातनं गेलं."

आम्ही सुटलो. आमचं घर सुटलं. मी झाडावरच्या माझ्या गोलाजवळ आणि सौरवच्या चौकोनाजवळ हिरव्या पेनानं बरोबरची खूण केली.

आईनं गल्लीत पेढे वाटले. कारण विचारलं तर लग्नाचं सांगितलं. उरलेला खोका निपाणीला न्यायचा.

१ जानेवारी

निपाणीला गेले. मनिषाक्का वखारीतनं नुकतीच आली होती, केसांवर तंबाखूची पिवळी धूळ. मी दारातनंच ओरडले, "मनिषाक्का, सुटलो आम्ही!" तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. डोळ्यांत पाणी. "देवानं ऐकलं गं. लई उपास धरलते मी तुमच्यासाठी."

पेढा हातावर ठेवला. तिनं कोपरा मोडून तोंडात टाकला. उरलेला कागदात बांधायला लागली.

"अगं खा की सगळा!"

"जात न्हाय गं. ह्या तंबाखूनं वाट लावलीय. दोन घासांत पोट भरतंय."

खोलीत तिची पोरगी रेडिओ लावून बसली होती. बाहेर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. मला एवढंच आठवतं. आई आप्पांबद्दल म्हणायची तेच शब्द. जसेच्या तसे. ताकावर भागवणं, अर्धी करंजी, गुलाबी बाटली — सगळं माझ्यासमोर झालं. माझ्या या डोळ्यांसमोर!

घरी येऊन हीच वही मागं चाळली. २४ ऑक्टोबर. "आत्तींच्या घरी पण कळवा म्हणाल्या. कळवू." एक शब्द. पुढं कुठंही काही नाही. झाडावर दुर्गाआत्तीचा गोल मी काळा केला, पण त्याच्या खाली एक रेघ काढली नाही. आप्पांवर ताट ढकलणारी मी! आणि माझ्या हिशेबात तरी मनिषाक्का कुठं होती? ती निपाणीची होती. ती डबा आणणारी होती. ती आता त्याच वयाची आहे, ज्या वयाची तिची आई होती.

५ जानेवारी

तोच दवाखाना, तोच बाक. आज नळी मनिषाक्काच्या पोटात जाणार. कागद भरून घेणाऱ्या पोरीनं कन्नडात विचारलं, घराण्यात कुणाला होता काय?

मनिषाक्का पदर सावरून ताठ बसली. "यारिगू इल्ला."

मी तिच्या पुढं वाकून म्हटलं, "आहे. लिहा. आई. मावशी. मामा."

तिनं माझा हात हळूच मागं ओढला. पोरीनं ऐकू नये अशा आवाजात मला म्हणाली, "ते आजोळचं झालं की गं रचना. ते कुठं धरत्यात?"